चिनाईचे सागरदर्शन

माघाच्या अखेरीची सकाळ. सह्याद्रीच्या माथ्यावर, मेघांच्या शेजारी वसलेल्या दवणवाडीत प्रकाश आधी रंग होऊन येतो आणि मग ऊब होऊन. प्रथम दूरच्या कड्यांची किनार जांभळी होते, मग गुलाबी, मग पिकल्या पपईच्या गरासारखी केशरी. आणि दरीत साठलेले धुके, रात्रभर विरजलेल्या दुधासारखे, काठाकाठाने सैल होऊ लागते.

तांबड्या मातीचे वाफे. वाफ्यांवर दहिवराची जाळी. जाळीत अडकलेले सहस्र सूर्य. गाजराच्या झुपकेदार पाल्यावर सूर्य, फरसबीच्या वेलीवर सूर्य, त्रिदळी पानांखाली लाजून बसलेल्या रक्तवर्ण स्ट्रॉबेरीवर सूर्य.

वाडीच्या वरच्या अंगाला, एका जुनाट जांभळीखाली, एक बुटके देऊळ आहे. जांभ्या दगडाचे, गुडघाभर जोत्याचे, वाकूनच आत जावे लागेल असे. तिथे चिनाई राहते.

चिनाई वीतभर उंचीची. लाकडाची. तेलाने, धुपाने आणि दीडशे वर्षांच्या मायेने काळीभोर झालेली. बैठक सिंहासनावर, हात मांडीवर, डोळे अर्धोन्मीलित; ओठांवर हसू आहे की नाही, ते त्या दिवशीच्या दिव्याने ठरवायचे. तिच्या दोन बाजूंना दोन उग्र राखणदार. एकाचा हात कपाळाशी, दूरचे न्याहाळतो आहे असा. दुसऱ्याचा हात कानामागे, दूरचे ऐकतो आहे असा. वाडीने त्यांची नावे ठेवली होती बघ्या आणि ऐक्या. रानडुकरे येताना बघ्याला दिसतात, साळिंदराची कुरतड ऐक्याला ऐकू येते, दोघे मिळून आईला जागे करतात आणि आई पीक राखते, अशी वाडीची निर्मळ समजूत.

पुढ्यात तीन पायांचे पितळी धुपाटणे. त्याच्या पोटावर कुणालाच वाचता न येणारी दोन अक्षरे. शेजारी दोन लाकडी चंद्रकोरी, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. त्या कशासाठी, हे वाडी विसरली होती. त्यांना हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, एवढेच.

ही सारी ठेव चिनोबाची. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत सातासमुद्रांपलीकडून बेड्या घालून आणलेल्या चिनी कैद्यांपैकी तो एक. शिक्षा सरली, बेड्या तुटल्या. परतीचे जहाज मात्र कुणी दिले नाही. मग त्याने याच माथ्यावर वाफे पाडले. बटाटा लावला, गाजर लावले, लावायला शिकवले. बुरुडाच्या घरी वेताची एक नवी वीण शिकवली. आणि हातपाय थकले तेव्हा आपली देवी त्याच बुरुडाच्या सुनेच्या ओटीत घालून तो जांभळीखाली कायमचा निजला.

सासूकडून सुनेकडे, सासूकडून सुनेकडे, अशा पाच ओट्या ओलांडीत चिनाई आली होती. पाचवी ओटी अंजिराबाईची.

अंजिराबाई अठ्ठावन्न वर्षांची. बांबूच्या धारेने बोटे चिरून चिरून गाठाळलेली, पण त्या बोटांखालून जी करंडी उतरे ती कमळासारखी हलकी. रोज पहाटे ती देवळाची झाडलोट करी, आईला न्हाऊ घाली, आणि नऊ वाजता डोक्यावर करंड्यांची उतरंड घेऊन महाबळेश्वरच्या बाजारात बसायला जाई.

त्या बाजारात, त्या सकाळी, लान आली.

लान ताम पासष्टीची होती. माझगावात जन्मलेली, माझगावातच वाढलेली. वडील गोदीतले जहाजसुतार, कँटनकडच्या मुलखातून आलेले. गिरगावात तिचे केशप्रसाधनाचे छोटेसे दुकान होते. चाळीस वर्षे तिने तिथल्या नवऱ्या सजवल्या. आईच्या अंबाड्यात जिने गजरा माळला, तिनेच पुढे लेकीच्या अंबाड्यातही माळला. त्या फवाऱ्यांनी, त्या रसायनांनी अखेर तिची छाती धरली. दुकान बंद झाले. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने उंचावरच्या हवेत राहा. म्हणून ती आली होती, एक लोकरीची टोपी, एक काठी आणि न थांबणारा खोकला बरोबर घेऊन.

करंड्यांपाशी ती थबकली. एक झाकणाची करंडी तिने उचलली. षट्कोनांची विरळ, आरपार दिसणारी जाळी. आणि कडेला, जिथे वेत संपतो तिथे, पंख मिटलेल्या फुलपाखरासारखी एक गाठ.

लानचा खोकला त्या क्षणी थांबला.

“ताई, ही गाठ तुम्हाला कुणी शिकवली?”

“सासूनं,” अंजिराबाई म्हणाली. “तिला तिच्या सासूनं. आन् पयल्या सासूला चिनोबानं.”

“कोण चिनोबा?”

अंजिराबाईने मान वर केली. समोरच्या बाईचे बदामी डोळे, चपटे नाक, पातळ भुवया पाहिल्या. आणि देवळातल्या मूर्तीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिच्या हातातली सुरी खाली गळाली.

“बया,” ती पुटपुटली. “तुमी तर आमच्या आईच्या मायेरच्या.”

लानला त्याचा अर्थ कळला नाही. पण तिची आजी माझगावातल्या खोलीच्या दारात बसून अशाच करंड्या विणीत असे, अशाच गाठी मारीत असे. ती गेल्यापासून तशी गाठ लानने जगात कुठे पाहिली नव्हती. बाजार अर्ध्यात टाकून दोघी निघाल्या. एक काठी टेकीत, एक उतरंड सावरीत. वाट तांबडी होती, वाऱ्याला कारवीचा वास होता, आणि धापा टाकणाऱ्या लानच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग चढत होता.

देवळात ती वाकून शिरली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ गेला. मग आधी तिला कानामागे हात धरलेला दिसला. मग कपाळावर हात धरलेला. आणि मग मधली, शांत, काळीभोर, हसरी.

“आ-मा!” लान म्हणाली.

तो शब्द अंजिराबाईने आयुष्यात प्रथम ऐकला आणि तिला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. जगात आईला हाक मारायला फार अक्षरे लागत नाहीत.

लान फरशीवरच बसली. रडली, हसली, पुन्हा रडली. धुपाटण्यावरून तिने बोट फिरवले. तिला चिनी अक्षरे फारशी येत नव्हती. पण ही दोन तिचे वडील प्रत्येक दुरुस्त गलबताच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, रंगवीत असत.

“वारा अनुकूल असो,” तिने वाचून दाखवले. “एवढंच लिहिलंय, ताई. वारा अनुकूल असो.”

दीडशे वर्षे जी अक्षरे नक्षी होती, ती त्या दुपारी आशीर्वाद झाली.

मग जांभळीच्या सावलीत, गूळ घातलेल्या कोऱ्या चहाबरोबर, लानने सांगितले आणि अंजिराबाईने ऐकले. ही आ-मा म्हणजे एका कोळ्याची लेक. फार फार वर्षांपूर्वी, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर जन्मलेली. वादळात सापडलेल्या होड्या ती आपल्या मायेने तीराला लावी. तरुणपणीच ती या जगातून गेली आणि लाटांची देवी झाली. ज्याला तुम्ही बघ्या म्हणता तो हजार कोसांवरचे बुडते जहाज पाहतो. ज्याला ऐक्या म्हणता तो वाऱ्यावरून येणारी खलाशाची हाक ऐकतो. परमुलखात जाणारा आमचा प्रत्येक माणूस तिला छातीशी धरून समुद्र ओलांडतो.

“आन् आमी तिला डुकरं राखाया बसवली!” अंजिराबाईने तोंडावर पदर घेतला. पदराआडून तिचे खांदे हसत होते.

“जत्रा करता का तिची?”

“करतो की. चैत वद्य अष्टमीला. चिनोबानं घालून दिलेला दिस.”

लानने बोटे मोजली. शुद्धाचे पंधरा, वद्याचे आठ. तेवीस. चिनी महिनाही अमावास्या उलटली की लागतो. आणि त्यांच्या तिसऱ्या महिन्याचा तेविसावा दिवस हाच आ-माचा जन्मदिवस. बेड्यांत आलेल्या माणसाने आपले पंचांग या मातीत असे पेरले होते, आणि मातीने ते दर साल उगवून दाखवले होते.

त्या दिवसापासून लान रोज येऊ लागली. ऊन कलेपर्यंत दोघी ओट्यावर बसत. अंजिराबाई तिला लानआक्का म्हणू लागली. लानने एके दिवशी तिच्या चुलीपाशी बसून पिठाच्या लांब लांब तारा ओढल्या, उकळत्या पाण्यात सोडल्या. आ-माच्या वाढदिवशी करतात, दीर्घायुष्यासाठी, असे सांगितले.

“ह्या तर आमच्या शेवया!” अंजिराबाई म्हणाली, आणि त्यांत दूध-गूळ घातला. लानने डोळे मिटून खाल्ले. वाईट लागले असते तरी तिने खाल्ले असते. पण वाईट लागले नाही.

एकदा मात्र लानने दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगताना तिने दरीकडे तोंड फिरवले होते.

ती लहान होती, बासष्ट साल होते, आणि सीमेवर युद्ध पेटले होते. ज्या शेजाऱ्यांकडे काल खीर गेली होती त्यांनी आज दारे लोटून घेतली. वडिलांना आठवड्याच्या आठवड्याला चौकीत जाऊन सही करावी लागे. शहराबाहेर पाऊल टाकायला परवाना लागे. एका उदास दुपारी आईने घरातली आ-मा आपल्या लाल रेशमी पोलक्यात गुंडाळली आणि परदेशी निघालेल्या मामाच्या हाती दिली. मामा कॅनडात स्थिरावला. आ-मा त्याच्याकडेच राहिली. माझगावच्या त्या खोलीत भिंतीवर, जिथे तिचा देव्हारा होता तिथे, फक्त एक चौकोनी, धुपाने न काळवंडलेला डाग उरला. लान त्या डागाला नमस्कार करीत मोठी झाली.

“हळूहळू सगळेच गेले,” ती म्हणाली. “आता आम्ही माझगावात बोटांवर मोजण्याएवढे. अंजिरा, एक मागू? रागावू नकोस. ही आ-मा मला देशील?”

वारा थांबला. जांभळीचे पानही हलेना.

अंजिराबाईला त्या चौकोनी डागाचे फार वाईट वाटले होते. ती रात्रभर विचार करीत राहिली. आणि सकाळी तिने वाडीला देवळापुढे बोलावले.

बाळकूनाना वाडीतले सर्वांत वृद्ध. चिनाईच्या जत्रेत सासनकाठी त्यांच्या हाती. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, आवाज खणखणीत, आणि मत त्याहून.

“देव येस वलांडत नसतो,” नाना म्हणाले. “बाई, तुमचं दुःख आमाला कळतं. पर हिच्या जिवावर आमच्या पाच पिढ्या निजल्या. ती गेली तर सकाळी उटून हात कुनाला जोडायचे?”

कुणी हो म्हणाले, कुणी नाही. बायकांचे डोळे भरले. लान खाली मान घालून उभी होती. मागणे मागून बसल्याची तिला लाज वाटत होती. अखेर तिने हळूच विचारले, “आ-मालाच विचारू या का?”

“कसं?”

तिने त्या दोन चंद्रकोरी उचलल्या. दोन्ही तळव्यांत धरल्या. “प्रश्न विचारायचा आणि या खाली टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर वर आली, तर हो. दोन्ही फुगीर वर आल्या, तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आल्या, तर देवी हसली.”

नाना बघतच राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

“अरं, म्हंजी कौलच की ह्यो! आमी फुलानं लावतो, ह्यो लाकडाचा! आन् दीडशे वर्सं आईच्या जिभेला हळदकुकू लावून आमीच तिला गप बसवली व्हय!”

हशा उसळला. तो हशा ओसरला तेव्हा सगळे देवळाच्या पायरीभोवती गोळा झाले होते, आणि ऊन त्यांच्या माथ्यांवरून देवीच्या पायांपर्यंत सरकले होते.

लान गुडघ्यांवर बसली. “आ-मा, माझ्याबरोबर माझगावला येशील?”

चंद्रकोरी पडल्या. दोन्ही फुगीर. नाही.

तिने कोरी उचलल्या आणि नानांच्या ओंजळीत दिल्या. तिच्याकडून घेताना नानांची नजर तिच्या नजरेला भिडली नाही.

नानांनी खाकरून विचारले, “मंग आई, हितंच सुकात हाईस न्हवं? येशीभाईर जायाचं न्हाई न्हवं?”

चंद्रकोरी पडल्या. दोन्ही सपाट.

“हसली!” कुणीतरी ओरडले. “नाना, तुमास्नी हसली आई!” आणि पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या, नानांचे कान लाल झाले, पण मिशीआड तेही हसले.

मग अंजिराबाई पुढे आली. तिने विचारायचे ते रात्रीच ठरवले होते. डोंगरात जन्मलेली, डोंगरात परणलेली, मेघांच्या वर संसार केलेली ती बाई. तिने स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता. आणि तिच्या मनात रात्रभर एकच सल होता: लाटांची ही लेक, कोळ्याची ही पोर, दीडशे वर्षे दगडावर बसून आहे, तिला कुणी एकदा तरी विचारले का?

“आई,” ती म्हणाली, “तुला दर्या बघायचाय?”

एक सपाट, एक फुगीर.

“‘हो’ तीनदा यावं लागतं,” लान श्वास रोखून म्हणाली.

दुसऱ्यांदा. एक सपाट, एक फुगीर.

तिसऱ्यांदा एक कोर पडताच सपाट अंगावर निजली. दुसरी मात्र टोकावर उभी राहिली, गिरकी घेतली, पायरीच्या कडेपर्यंत लोळत गेली; चाळीस माणसांचे श्वास तिच्यामागे लोळत गेले; तिथे ती क्षणभर डुलली आणि आभाळाकडे सपाट तोंड करून उताणी झाली.

“व्हय!” वाडी गर्जली. “व्हय म्हनली आई!”

आणि त्या गजरात नानांनी घाईघाईने कोरी पुन्हा उचलल्या. “थांबा, थांबा! आई, जाऊन परत येशील न्हवं?” त्या तीनदा पडल्या. तीनदाही हो. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने डोळे पुसले.

फाल्गुन सरला. पळस पेटून विझला. गुढ्या उभारल्या, उतरल्या. अंजिराबाईने कोवळा, निबर नव्हे असा बांबू निवडून तोडला, चिरला, तासला, आणि दहा दिवस बसून एक पालखी विणली. षट्कोनी जाळीची, आरपार वारा खेळेल अशी. “तिला वारं लागाया पायजे,” ती म्हणे. लानने तिला लाल रेशमाचे गोंडे लावले. लानचा खोकला कधी गेला, हे दोघींपैकी कुणालाच नेमके आठवत नाही.

चैत्र वद्य सप्तमीला माझगावहून सातजण आले. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, एक थकलेले बोटीवरचे खलाशी होते, हॉटेल चालवणारे एक जोडपे होते. लाल मेणबत्त्या आणल्या होत्या, उदबत्त्यांचे भारे आणले होते, टोपलीभर संत्री आणली होती. देवळात एकेकजण वाकून शिरला आणि बाहेर येताना प्रत्येकाचे वय काही वर्षांनी कमी झाले होते.

अष्टमीची पहाट. वेशीवर नारळ फुटला. आणि चिनाईने, दीडशे वर्षांत प्रथम, वेस ओलांडली.

घाटाच्या तोंडापर्यंत पालखी खांद्यांवर. पुढे स्ट्रॉबेरी वाहणाऱ्या टेंपोत. टेंपोला केळीचे खुंट, आंब्याची तोरणे, झेंडूच्या माळा. मागे दोन जीपगाड्या. आंबेनळीचा घाट वळणे घेत घेत खाली उतरू लागला, आणि त्या वळणावळणांनी हवा बदलत गेली. थंड होती ती कोमट झाली, कोमट होती ती उष्ण झाली. कारवी मागे राहिली, काजू आला. काजू मागे राहिला, नारळ आला. सावित्री कधी डावीकडे दिसे, कधी झाडीत लपे. त्याच माथ्यावर उगम पावलेली ती नदी, त्याच समुद्राकडे निघालेली, वाटाड्यासारखी पुढे पुढे.

पोलादपुरात टेंपो पाण्यासाठी थांबला. बायका जमल्या.

“कुठली देवी ही?”

“डोंगरातली,” अंजिराबाई म्हणाली.

“आणि निघाली कुठे?”

“म्हायेरला.”

मग काय विचारता! माहेराला निघालेल्या लेकीला रिकामी ओटी घेऊन कोण जाऊ देईल? एकीने खण आणला, दुसरीने नारळ, तिसरीने मूठभर तांदूळ. महाडच्या पुढे गावागावांत हेच घडले. निरोप देवीच्या आधी धावत होता. बायका रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. कुणी विचारले नाही देवी कुठल्या देशाची, कुणी विचारले नाही कुठल्या भाषेची. दुपार कलेपर्यंत टेंपोत नारळांची रास एवढी झाली की नानांना राशीवरच बसावे लागले, आणि ते तिथून राजासारखे दोन्ही हातांनी प्रसाद वाटत होते.

आणि मग, बाणकोटच्या खाडीपाशी, सुरूच्या बनापलीकडे, रस्ता संपला.

अंजिराबाई टेंपोतून उतरली. चार पावले वाळूत चालली. थांबली.

समोर जमीन नव्हती. समोर काहीच नव्हते, आणि ते काहीच नसणे हलत होते, चकाकत होते, श्वास घेत होते. तिच्या गावात पहाटे दरी धुक्याने भरते तेव्हा असेच दिसते. कड्यापासून कड्यापर्यंत सपाट, अथांग, पांढरे.

“लानआक्का,” ती हळूच म्हणाली, “ह्ये धुकं निळं कसं गं?”

लानने तिचा हात हातात घेतला. “हे धुकं नाही. हाच तो.”

अंजिराबाईने ओंजळभर पाणी उचलून जिभेला लावले. तोंड वाकडे केले. मग अशी हसली, अशी हसली, की डोंगरातल्या साऱ्या बायका धावत आल्या आणि लुगड्यांचे काठ भिजवीत पाण्यात शिरल्या. लाट आली की किंचाळत मागे, लाट गेली की खिदळत पुढे. बाळकूनाना, ब्याऐंशी वर्षांचे बाळकूनाना, धोतराचा सोगा खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि कितीही हाका मारल्या तरी बाहेर यायला तयार होईनात.

किनाऱ्यावर कोळणी जाळी सांधीत बसल्या होत्या. त्यांतली एक वयस्क, नाकात मोठी नथ घातलेली, कमरेवर हात ठेवून आली. पालखीत वाकून पाहिले.

“कोनची गो देवी ही?”

“खलाशांची,” लान म्हणाली. “वादळात होड्या तीराला लावणारी. कोळ्याची लेक आहे.”

कोळणीने एकवार लानकडे पाहिले, एकवार देवीकडे. “मंग हिला हिथं वाळूत का बशिवली?” ती गरजली. “कोल्याची पोर वाळूवर बशेल? ए, होडी काडा रे!”

होडी निघाली. नव्याने रंगवलेली, निळी-पिवळी, नाळेवर डोळे काढलेली. तिच्या मागे दुसरी, तिसरी, मग साऱ्या. पहिल्या होडीत लान बसली, मांडीवर चिनाई घेऊन; लानला घट्ट धरून अंजिराबाई; अंजिराबाईला धरून ती कोळीण. मागच्या होडीत माझगावची सात माणसे उदबत्त्या पेटवायला धडपडत होती आणि वारा त्या पुन्हा पुन्हा विझवीत होता, आणि ते पुन्हा पुन्हा हसत होते. थकलेला खलाशी उभा राहिला. त्याने आपल्या भाषेत एक जुने, आडव्या तालाचे गाणे धरले. कोळणींना शब्द कळले नाहीत, पण वल्ह्याचा ताल त्यांना उपजत ठाऊक होता. त्यांनी टाळ्या धरल्या. गाणे एकाचे होते, ते सर्वांचे झाले.

खाडीचे मुख ओलांडले आणि पहिली मोठी लाट होडीखालून गेली. होडी उचलली गेली. लानच्या मांडीवरची वीतभर देवी आकाशाकडे उचलली गेली. तुषारांचा एक शुभ्र पंखा उघडला आणि तिच्या काळ्याभोर मुखावर, कपाळावर, अर्धोन्मीलित डोळ्यांवर विखुरला. पाणी तिच्या गालावरून ओघळले. तिच्या ओठांवर हसू आहे की नाही, याचा त्या उन्हात कुणालाच संशय उरला नाही.

लानने फोन काढला. मामा कधीच वारला होता. कॅनडात त्याचा मुलगा होता, सत्तरीला टेकलेला. तिकडे नुकते उजाडत होते.

“आह्-क्वान,” ती म्हणाली, “ऐक.” आणि तिने फोन लाटांवर धरला.

इकडे वल्ही पडत होती, टाळ्या पडत होत्या, गाणे चालले होते. मग समुद्रापलीकडच्या त्या वृद्ध गळ्यातून एक हसू फुटले, पाच वर्षांच्या पोराचे असावे तसे कोवळे. त्याने विचारले, माझगावच्या बालपणातल्या मराठीत, जिला कितीतरी वर्षांत जीभ लागली नव्हती:

“काय गं, जत्रा आहे काय?”

“हो रे,” लान म्हणाली. “पुढच्या वर्षी ये. तुझ्याकडची आ-मा घेऊन ये. बहिणी-बहिणी भेटतील.”

“आन् त्यास्नी सांगा,” मागून अंजिराबाई ओरडली, “पालखी मी इनते म्हनावं! दोगी बसतील एवडी!”

ऊन तिरपे झाले. पाणी वितळल्या पितळेसारखे झाले. होड्या वळल्या, आता त्यांना वल्ही मारावी लागत नव्हती, कारण भरती लागली होती. ती मागून आली, मृदू, विशाल, अनावर. तिने होड्यांना पाठीवर घेतले आणि खाडीच्या मुखातून आत शिरली. खारफुटीच्या मुळांमधून, बगळ्यांच्या पायांमधून, नदीच्या गोड पाण्याला हलकेच मागे सारीत, गाव मागे टाकीत, वळण मागे टाकीत, ती चालली होती वर, आणखी वर; साऱ्या किनाऱ्याचे मीठ ओंजळीत घेऊन समुद्र चालला होता डोंगराच्या दिशेने.